आडवा उजेड

"हा उजेड तुम्ही आणलात कसा?" असं विचारून आरती मॅडमनी लॅपटॉप अजिनाथकडे वळवला.

अजिनाथने पडद्याकडे बघायचं टाळलं. बघायची गरजही नव्हती. गेले बावीस दिवस तो फोटो त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, ना जेवताना, ना वर्कशॉपात मोटरीचं वाइंडिंग भरताना. त्याने चहाचा कप उचलला आणि न पिताच परत ठेवला.

"आला," तो म्हणाला.

मॅडम हसल्या. त्यांना तो विनय वाटला. त्या एका कॉलेजात इतिहास शिकवायच्या, सावेडीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि सुट्टीच्या दिवशी मोजपट्टी घेऊन स्कूटरवरून जिल्ह्यातल्या जुन्या बारवा मोजत हिंडायच्या. बाई चांगली. कुणाला कमी लेखणार नाही, कुणाचं श्रेय खाणार नाही. येत्या रविवारी त्यांनी नगरमध्ये बारवांच्या फोटोंचं प्रदर्शन ठेवलं होतं. दारातून आत शिरताच समोरच्या भिंतीवर एकच फोटो लावायचा, तोही चांगला सहा फूट रुंद, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

आणि फोटो होताच तसा. पाण्याखालची दगडी ओवरी, पुढे दोन खांब, खांबांच्या आत शेषावर पहुडलेला विष्णू. उजव्या अंगाने आडवा उजेड आलेला, गढूळ पाण्यातून पट्ट्यापट्ट्यांनी फाकलेला, आणि त्या उजेडात देवाच्या बोटांची नखंसुद्धा मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट. शेवगाव रस्त्यावरच्या ज्या गावात ही बारव होती तिथली म्हातारी माणसं सांगत की बहात्तरच्या दुष्काळात बारव आटली तेव्हा आम्ही हा देव बघितला. त्यानंतर पाणी काही हटलं नाही. पन्नास वर्षांत देवाचं तोंड कुणी बघितलं नव्हतं, ते अजिनाथने बघितलं आणि जगाला दाखवलं.

मॅडम उत्साहाने बोलत होत्या. रविवारी तुमचा दोघांचा सत्कार करायचा, तुमच्या जोडीदाराला, हनुमंतरावांना, गाडी पाठवून आणायचं, तुम्ही त्यांचा जीव वाचवलात आणि हा फोटोही त्याच दिवशीचा, तेव्हा दोन शब्द बोला, हा कसा काढला तेवढंच सांगा.

फोटोखाली माझं नाव नका घालू, असं तो कसाबसा म्हणाला. मग कुणाचं घालू, असं मॅडमनी विचारलं. संध्याकाळपर्यंत फोन करतो म्हणून तो उठला, जिना उतरला आणि मोटरसायकलवर नुसताच बसून राहिला. चावी हातात होती, पण ती लावायची शुद्ध त्याला राहिली नव्हती.

आता कुणी म्हणेल, फोटो चांगला निघाला, जोडीदार जगला, वर सत्कारही होतोय, मग या माणसाला दुखतंय तरी कुठं? ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

अजिनाथ नागापूरच्या एमआयडीसीत एका पंपाच्या वर्कशॉपात कामाला. विहिरीत मोटर पडली, पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलची, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीची, जाळी तुंबली, धरणाच्या काठाला पाइप निसटला, की कुणाला तरी खाली उतरावं लागतं. ते काम अजिनाथ आणि हनुमंतचं. सोळा वर्षं दोघं जोडीने उतरत होते. सुरुवातीला कमरेला दोर आणि छातीत दम, एवढ्यावर भागायचं. पुढे मालकाने दोघांना पंधरा दिवस मालवणला पाठवलं आणि पाठीवर सिलिंडर बांधून बुडी कशी मारायची ते शिकवून आणलं. तिथल्या शिकवणाऱ्याने बाकी काय सांगितलं ते दोघं विसरले असतील, पण एक गोष्ट त्याने डोक्यात पक्की बसवली होती. जोडीदार नजरेआड झाला की हातातलं काम तिथंच सोडायचं. आधी माणूस, मग काम. बॅटरीच्या खुणाही त्यानेच शिकवल्या. उजेड गोल फिरवला तर सगळं ठीक, डावीकडून उजवीकडे हलवला तर वाचव.

हनुमंत चार वर्षांनी मोठा. जाडजूड, संथ, जमिनीवर तोंड बंद न ठेवणारा आणि पाण्यात गेला की मांजरासारखा सावध. उतरायच्या आधी तो अजिनाथचे पट्टे ओढून बघायचा, दर वेळी, न चुकता. एकदा एका जॅकवेलच्या जाळीत अजिनाथचा पट्टा अडकला, तर वळून बघायच्या आत हनुमंतचा चाकू तिथं पोचला होता. वर आल्यावर अजिनाथ आभार मानायला लागला, तेव्हा हनुमंतने त्याला गप्प केलं आणि तंबाखू मागितली.

मग दोन वर्षांपूर्वी कॅमेरा आला. साहेब लोकांना जाळी साफ केली हे नुसतं सांगून पटत नाही, त्यांना फोटो लागतो, म्हणून मालकाने पाण्यात चालणारा एक छोटा कॅमेरा अजिनाथच्या हाती दिला. अजिनाथने जाळीचे फोटो काढले. मग जाळीवर बसलेल्या खेकड्याचा काढला. मग एका विहिरीत उतरलेल्या वडाच्या मुळ्यांचा. आणि बघता बघता गड्याला त्याचं वेडच लागलं. जन्मभर ज्या काळ्या पाण्यात हाताने चाचपडत काम केलं, ते पाणी असं दिसतं हे त्याला स्वतःलाच पहिल्यांदा कळत होतं. बायको रेश्मा फोटो बघून थक्क झाली, मुलीने शाळेत नेऊन दाखवले, गावोगाव लोक त्याला फोटोवाले म्हणायला लागले. खोटं कशाला बोला, त्याला ते फार आवडायचं. त्याने स्वतःच्या पगारातून फ्लॅशवाला मोठा कॅमेरा घेतला. आरती मॅडमची ओळख झाली तीही त्या फोटोंमुळेच.

कॅमेऱ्याला दोन्ही हात लागतात आणि एक डोळा. उरलेला डोळा जोडीदारावर ठेवायचा, असं अजिनाथ स्वतःला बजावायचा. पण ज्याने फोटो काढलेत त्याला विचारा, तो उरलेला डोळा आपोआप मिटतो.

फ्लॅशने समोरचं उजळतं, पण सगळं सपाट दिसतं. फ्लॅशच्या जोडीला बाजूने उजेड आला तर दगडाला जीव येतो, हे अजिनाथला अनुभवाने कळलं. मग बाजूला कोण उभं राहणार? हनुमंत. बॅटरी एका जागी धरली की पांढरा डाग पडतो, म्हणून ती हळूहळू डावीकडून उजवीकडे हलवायची, असं त्याने हनुमंतला शिकवलं.

"आरं, ही तर वाचवायची खूण हाय," हनुमंत म्हणाला होता.

जोरात हलवली तर खूण, हळू हलवली तर उजेड, आपण दोघंच तर असतो, आपल्याला कळत नाही होय, असं अजिनाथने त्याला समजावलं. अगदीच वेळ आली तर चाकूच्या मुठीने सिलिंडरवर ठोकायचं, पाण्यात तो आवाज लांबवर जातो, असंही ठरलं. हनुमंतने मान डोलावली. त्याला त्या फोटोंचं विशेष काही वाटत नसे, पण अजिनाथला वाटतंय ना, मग झालं. चार माणसांत तो थट्टेने सांगायचा की आता मी याचा लग्नातला लाईटवाला झालोय, नवरानवरी दुसरीच असतात आणि मी आपला दिवा धरून उभा.

त्या दिवशी बारवेत पस्तीस फूट पाणी होतं. बुडालेला देव शोधायला सकाळी दहाला दोघं उतरले. पायऱ्यांवर गावातली पंधरावीस माणसं आणि आरती मॅडम. ओवरी सापडली, मूर्ती सापडली. दोघांनी हाताने वारा घातल्यासारखं करून तिच्यावरचा गाळ दूर केला. देवाचं तोंड दिसलं तेव्हा अजिनाथच्या अंगावर काटा आला. त्याने हनुमंतला हाताने खूण केली, उजव्या खांबाच्या मागे जा आणि तिथून उजेड टाक.

आधी जागा बघायची आणि मग तिथं माणूस उभा करायचा, हा या धंद्यातला साधा नियम. अजिनाथने जागा बघितली नाही. त्या खांबामागे कधीकाळी सोडून दिलेल्या मोटरीचा नायलॉनचा दोर लोंबत होता. तो हनुमंतच्या सिलिंडरच्या मानेत अडकला. सुटायला म्हणून तो वळला तर दोराने तोंडातली हवेची नळी ओढून काढली आणि ती मागे कुठं गेली ते हाताला लागेना. दोर कापायला चाकू काढला, तो धडपडीत हातून निसटून गाळात पडला. आता सिलिंडरवर ठोकायला काही नव्हतं. हातात उरली होती फक्त बॅटरी. त्याने ती हलवली.

अजिनाथला हनुमंत दिसत नव्हता, फक्त त्याचा उजेड दिसत होता. आणि काय उजेड होता तो! असा आजवर कधी आला नव्हता. अजिनाथने फोटो काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. चौथ्याला त्याच्या मनात आलं की दादा आज एवढ्या जोरात का हलवतोय. हे खरोखर त्याच्या मनात आलं. ते आलंच नसतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती, तो रात्री झोपला असता. पण नेमका त्याच वेळी देवाच्या बोटांवर उजेड पडला आणि नखं दिसली. एक अजून, मग बघतो, असं तो स्वतःशी म्हणाला. एक अजूनचे सात झाले.

मग उजेड कलला आणि सरळ खाली गेला. अजिनाथला राग आला, धर की नीट, असं तो मनात म्हणालासुद्धा. खांबाला वळसा घालून बघतो तर दोराला नुसतं सिलिंडर लटकलेलं, बॅटरी तळाला जळतेय आणि हनुमंत नाही. त्याने पट्टे सोडून दिले होते आणि हवेशिवाय तो वर निघाला होता. अजिनाथ वर पोचला तेव्हा हनुमंत पाण्यावर पालथा तरंगत होता. त्याने त्याला पायरीवर ओढलं, उताणं केलं, छाती दाबली, तोंडाने वारा भरला, पुन्हा छाती दाबली. चौथ्यापाचव्या वेळी हनुमंतने पाणी ओकलं.

हे सगळं पायऱ्यांवरच्या माणसांनी डोळ्यांनी बघितलं. त्यांनी अजिनाथला डोक्यावर घेतलं. गावाने दुसऱ्या आठवड्यात शाल आणि नारळ दिला. हनुमंतच्या छातीत पाणी गेलं होतं आणि डाव्या कानाचा पडदा फाटला होता. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा पाण्याखाली जायचं नाही, कधीच नाही. आणि हनुमंत येईल त्याला एकच सांगत होता. गाळ उठला हुता, अजिनाथला दिसलंच नसंल, त्याचा काय दोष?

गाळ उठला नव्हता. गाळ उठला असता तर नखं दिसली असती का? त्या रात्री अजिनाथने कॅमेऱ्यातले फोटो बघितले. प्रत्येक फोटोखाली वेळ असते. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत अठ्ठेचाळीस सेकंद. मॅडमनी जो निवडला तो नववा.

बावीस दिवसांत तो सहा वेळा हनुमंतकडे गेला होता, दर वेळी सांगायचं ठरवून. एकदा पाहुणे बसले होते, एकदा हनुमंतला खोकल्याची उबळ आली, एकदा नुसताच धीर झाला नाही. तो मूग गिळून परत यायचा. त्याने त्या दिवसापासून पाण्यात पाय घातला नव्हता. मालक म्हणत होता की दुसरा जोडीदार देतो, मालवणला शिकलेला आहे. अजिनाथने कानाला त्रास होतो असं खोटंच सांगितलं होतं.

पण आता रविवार जवळ आला होता. चार दिवसांनी सहा फुटांचा तो फोटो भिंतीवर चढणार आणि त्याच्यासमोर हनुमंतला आणून बसवणार, आणि आपण माईक घेऊन उजेड कसा आणला ते सांगणार. याहून मोठी बेइमानी त्याला सुचत नव्हती. त्याने मोटरसायकल सुरू केली आणि सावेडीतून घरी न जाता थेट हिवरे बाजारकडे जाणाऱ्या रस्त्याला लागला. त्या रस्त्यावर, गावाच्या अलीकडे, हनुमंतची वस्ती होती.

हनुमंत लिंबाखाली बाजेवर बसला होता. चांगलाच उतरला होता, सदरा अंगावर लोंबत होता. पलीकडे तीन म्हशी. आतून त्याच्या बायकोचा, रंगुबाईचा, भाकरी थापायचा आवाज येत होता. अजिनाथ त्याच्या उजव्या बाजूला टेकला, कारण डावीकडून बोललेलं त्याला कळत नसे. हनुमंतने म्हशीच्या आजारपणाचं काही सांगायला सुरुवात केली. अजिनाथने त्याला मध्येच थांबवलं.

"दादा, गाळ उठला नव्हता," तो म्हणाला. "मला तुझा उजेड दिसत हुता."

हनुमंतने पाय वर घेऊन बाजेवर मांडी घातली.

अजिनाथने मग सगळं सांगितलं. थांबला असता तर पुन्हा धीर झाला नसता, म्हणून तो थांबलाच नाही. अकरा फोटो सांगितले, अठ्ठेचाळीस सेकंद सांगितले, चौथ्या फोटोला शंका आली तेही सांगितलं. शंका येऊनही सात फोटो काढले, हे त्याने दोनदा सांगितलं. मोबाईल काढून त्याने तो नववा फोटो हनुमंतसमोर धरला. हनुमंतने तो हातात घेतला, लांब धरून बराच वेळ बघितला आणि परत दिला.

"मला ठाऊक हाय," हनुमंत म्हणाला.

अजिनाथला वाटलं, त्याला नीट ऐकू गेलं नसेल.

"फ्लॅश पडत हुता न्हवं तुझा," हनुमंत म्हणाला. तो शांतपणे बोलत होता, समोर म्हशींकडे बघत. "मी दिवा हलवला आन तुझा फ्लॅश पडला. मला वाटलं, दिसलं याला. आता येतोय. म्हनून मी पट्टं सोडलं न्हाईत, थांबलो. मंग दुसरा पडला. दर फ्लॅशला मला वाटायचं, ह्यो आला. नळी तोंडातनं गेली तवाच पट्टं सोडून वर गेलो आसतो तर येवढं पानी गेलं नसतं छातीत."

आपण वेळेवर गेलो नाही, एवढाच आपला गुन्हा आहे असं तो समजत होता. आपल्या फ्लॅशने त्या माणसाला तिथं धरून ठेवलं होतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला हुंदका आला. तो दाबायचाही त्याने प्रयत्न केला नाही.

हनुमंतने त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही.

"मग सगळ्यांला गाळ उठला हुता असं का सांगत बसलास?" अजिनाथने शेवटी विचारलं.

"दुसरं काय सांगू? सोळा वर्सं ज्याच्या भरवशावर उतरलो, त्यानं बघून बी फोटो काढला, असं लोकांला सांगू?" हनुमंत म्हणाला. "मला वाटलं, तू सांगशील. दवाखान्यात सांगशील वाटलं. मंग वाटलं, घरी आल्यावर सांगशील. तू आलास की मी वाट बघायचो. हितं बी वाटच बघत हुतो."

मग अजिनाथ म्हणाला की मी तो फोटो पुसून टाकतो, मॅडमला नाही म्हणून सांगतो, कॅमेराही विकून टाकतो. हनुमंतला ते आवडलं नाही. या बावीस दिवसांत पहिल्यांदा त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पुसतोस कशाला? मी धरलेला दिवा हाय त्यो. मी जीव खाऊन हलवलाय," तो म्हणाला. "लाव म्हनावं बाईला भितीवर. पन उजेड कशाचा हाय ते खाली लिवायचं. आन मला न्यायला गाडी धाडू नका. मी येनार न्हाई."

अजिनाथने तिथंच, त्याच्यासमोर, मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या की हनुमंतराव म्हणतात तसंच लिहीन, शब्दही बदलणार नाही. त्यांनी सत्काराचा विषय पुन्हा काढला नाही. फोटो आता दारासमोर लावायचा की कोपऱ्यात, हेही त्यांनी सांगितलं नाही, आणि अजिनाथने विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर तो उठायला लागला. हनुमंतने आत, स्वयंपाकघराकडे मान केली.

"रंगूला मी सांगायचो न्हाई," तो म्हणाला. "ते तुझं तू सांग."

खरं सांगायचं तर त्या क्षणी अजिनाथला पळून जावंसं वाटलं. मोटरसायकल दहा पावलांवर होती. पण तो गेला, चपला काढल्या, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उकिडवा बसला. रंगुबाईने मागे न बघताच या भावजी म्हटलं आणि पाण्याच्या हंड्याकडे बोट दाखवलं. परातीत भाकरी थापली जात होती, एक तव्यावर होती.

त्याने सांगितलं. बाहेर जेवढं लांबण लावलं तेवढं आत लावलं नाही. उजेड दिसत हुता, तरी मी फोटो काढत राहिलो, वहिनी, एवढंच.

थापायचा आवाज थांबला. तव्यावरची भाकरी जळायला लागली, धूर झाला, तरी तिचा हात तिकडे गेला नाही.

"किती येळ?" तिने विचारलं.

"पाऊण मिनिट. त्याच्या वर थोडं."

रंगुबाईने ती जळकी भाकरी उचलून बाजूला ठेवली. पिठाचे हात परातीच्या काठावर टेकून ती तशीच बसली. मग तिने अजिनाथकडे तोंड केलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"दवाखान्यात मी तुमच्या पाया पडले हुते," ती म्हणाली. "सगळ्या लोकांदेखत. माझ्यापरीस धाकटं तुमी. आन तुमी पडू दिलंत."

पडू दिलं होतं हे खरंच होतं. त्या वेळी तो भिंतीला टेकून उभा होता, ओल्या कपड्यांत, आणि ती वाकली तेव्हा त्याने पाय मागे घेतले नव्हते. त्याने खाली मान घातली. रंगुबाईने पुढचा गोळा घेतला आणि ती पुन्हा थापायला लागली, आधीपेक्षा सावकाश.

"जेवायची येळ झालीय," ती थोड्या वेळाने म्हणाली. "बसा."

ऊन डोक्यावर आलं होतं, आणि त्या वस्तीवरून दुपारच्या वेळी कुणी उपाशी गेलेलं नव्हतं. पडवीत दोन ताटं मांडली गेली. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, कांदा, लसणाची चटणी. दोघं शेजारी शेजारी बसले, हनुमंत भिंतीकडे, अजिनाथ दाराकडे.

त्या घरात एका भाकरीवर कुणाची सुटका होत नसे. रंगुबाई अर्धी तरी घ्या म्हणायची, नको नको म्हणेपर्यंत ती ताटात पडलेली असायची. हात आडवा धरला तर हाताच्या खालून भाजी यायची. अजिनाथ घरी जाऊन रेश्माला सांगायचा की आज पोट फुटतंय, हनुमंतदादाकडे गेलो होतो.

आज रंगुबाई भाकरीची टोपली घेऊन बाहेर आली, हनुमंतच्या ताटात दुसरी भाकरी ठेवली, त्याच्या भाजीवर थोडं तेल सोडलं आणि आत गेली. अजिनाथच्या ताटात अर्धी भाकरी उरली होती. ती त्याने खाल्ली. चटणीचा शेवटचा कण बोटाने पुसून खाल्ला. मग थोडा वेळ तो तसाच बसून राहिला, कारण टोपली पुन्हा बाहेर येईल असं त्याला, कसं कोण जाणे, अजून वाटत होतं.

टोपली आली नाही. हनुमंत खाली मान घालून जेवत होता.

अजिनाथने ताट उचललं आणि तो मोरीवर गेला. कोपऱ्यातली राख घेतली, ताट घासलं, वाटी घासली, तांब्या घासला, दोन पाण्यांनी धुऊन दगडावर पालथं घातलं. राहू द्या, असं आतून कुणी म्हणालं नाही.